पर्पेतुआची डायरी ओटीवर कशी वाचायची

आमच्या वसईत फेब्रुवारी लागला की ‘रक्तसाक्षी’, म्हणजे श्रद्धेसाठी जीव देणारा, हा शब्द लहान पोरांच्याही तोंडी येतो. आपला गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर गेला, त्याची आठवण घरोघरी निघते. मग महिनाभरानं ७ मार्च येतो आणि बहुतेक घरांतून तसाच निघून जातो. त्या दिवशी संत पर्पेतुआ आणि संत फेलिसिटी यांचा सण असतो. मी ३१ वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होते, पण या दोघींची खरी ओळख मला निवृत्त झाल्यावर झाली. तेव्हापासून दर ७ मार्चला संध्याकाळी आमच्या ओटीवर वाडीतल्या बायका जमतात आणि आम्ही पर्पेतुआची डायरी मोठ्यानं वाचतो. शेजारच्या गावातल्या दोघी-तिघींनी विचारलं, आम्हालाही करायचंय, कसं करू? म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हे समजून घ्या की आपण संताची कुणी दुसऱ्यानं रचलेली गोष्ट वाचत नाही. निदान मधला मोठा भाग तरी तसा नाही. साल २०३. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचं कार्थेज, आजच्या ट्युनिस शहराला लागून. रोमचा सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस. पर्पेतुआ २२ वर्षांची, चांगल्या घरची, शिकलेली, आणि अंगावर पिणारं बाळ असलेली. फेलिसिटी गुलाम, आठ महिन्यांची गरोदर. त्यांच्याबरोबर रेव्होकाटुस, सॅटर्निनुस आणि सेकुंडुलुस. सगळे बाप्तिस्म्याची, म्हणजे ख्रिस्ती होण्याच्या विधीची, तयारी करत होते आणि त्यावरूनच पकडले गेले. अटकेत असतानाच त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांना शिकवणारा सॅटुरुस मागाहून स्वतःहून हजर झाला. पर्पेतुआनं तुरुंगात जे घडलं, जी स्वप्नं पडली, ती स्वतःच्या हातानं लिहिली. शिक्षा म्हणून आखाड्यात प्राण्यांपुढे टाकायच्या आदल्या दिवशी ती लिहिते की उद्याचं काय होईल ते ज्याला लिहायचंय त्यानं लिहावं, आणि तिथं तिचं लिखाण थांबतं. पुढचं दुसऱ्या कुणी पूर्ण केलं. ख्रिस्ती बाईच्या स्वतःच्या हातचं इतकं जुनं लिखाण फारच थोडं उरलंय. म्हणून माझा आग्रह एकच असतो: तिला बोलू द्या. आपण मध्ये येऊन तिला देवळातली मूर्ती करू नका.

तारखेचं आधी सांगते. जुन्या प्रार्थनापुस्तकात ६ मार्च लिहिलेलं सापडेल, कारण ७ तारखेला तेव्हा संत थॉमस अक्वायनसचा सण असे. चर्चच्या १९६९ च्या दिनदर्शिकेनं या दोघींना त्यांचा मूळ दिवस परत दिला. हा दिवस जवळजवळ नेहमी ईस्टरआधीच्या उपवासकाळात येतो, त्यामुळे देवळात मोठा सण होणार नाही. फादर जांभळी वस्त्रंच घालतील आणि या दोघींचं फक्त स्मरण होईल. रविवारी ७ तारीख आली तर तेही नाही. शुक्रवार आला तर संध्याकाळी देवळात क्रुसाची वाट ही प्रार्थना असते, तेव्हा वाचन त्यानंतर ठेवा. घरी एकत्र बसून वाचायला यातलं काहीच आड येत नाही.

फादरांना मात्र आठवडाभर आधी भेटा आणि एक गोष्ट मागा. मिस्सात, म्हणजे देवळातल्या मुख्य उपासनेत, वेदीवर म्हणायच्या यूखरिस्त प्रार्थनांपैकी पहिली, ती सगळ्यात लांब, तिच्यात पवित्र मरियेखेरीज सात स्त्रियांची नावं आहेत: फेलिसिटी, पर्पेतुआ, आगाथा, लुसी, अग्नेस, सिसिलिया, अनास्तासिया. पुस्तकात ही नावं कंसात छापलेली असतात, म्हणजे वगळली तरी चालतात, आणि बहुतेक वेळा वगळली जातात. ‘फादर, ७ तारखेला ती प्रार्थना पूर्ण घ्याल का, नावं न गाळता?’ एवढंच म्हणायचं. आमच्या फादरांनी पहिल्या वर्षी लगेच होकार दिला. ती सात नावं वेदीवरून एकामागोमाग ऐकली तेव्हा माझ्या शेजारची म्हातारी पुटपुटली, ‘एवढ्या बाया होत्या?’

आता वाचायचं काय आणि किती. सगळा मजकूर २१ लहान भागांचा आहे. पहिले दोन प्रस्तावनेचे. ३ ते १० पर्पेतुआचे, ११ ते १३ सॅटुरुसच्या स्वप्नाचे, १४ पासून शेवटपर्यंत ते पूर्ण करणाऱ्या, नाव न सांगितलेल्या हाताचे. सगळं मोठ्यानं वाचलं तर तास होतो आणि तिसऱ्या रांगेतल्या बायका घड्याळाकडे बघायला लागतात. मी ३, ४, ५, ६, १५ आणि २० एवढेच भाग घेते. ७ वा आणि ८ वा भाग, तिच्या धाकट्या भावाचे, दिनोक्रातेसचे, ज्या वर्षी वाडीत कुणाचं लहान मूल गेलेलं असेल त्या वर्षी आवर्जून घेते. दिनोक्रातेस सात वर्षांचा असताना चेहऱ्याच्या रोगानं गेला. स्वप्नात ती त्याला पाहते: तहानलेला, समोर पाण्यानं भरलेलं कुंड, पण काठ त्याच्या उंचीच्या वर. ती रोज त्याच्यासाठी प्रार्थना करते. पुढच्या स्वप्नात काठ त्याच्या बेंबीइतका खाली आलेला असतो, पोरगं पोटभर पाणी पितं आणि खेळायला पळतं. आमच्याकडे प्रत्येक वाडीत विहीर आहे. काठापर्यंत हात न पोचणारं पोर कसं टाचा उंच करतं ते प्रत्येकीनं पाहिलेलं असतं, समजावून सांगावं लागत नाही.

मजकूर मूळ लॅटिनमधला. मी इंग्रजी भाषांतरावरून माझ्या वहीत मराठी उतरवलं, लॅटिन शिकलेल्या एका फादरांनी दोन-चार ठिकाणी दुरुस्त करून दिलं. तुम्हीही तुमच्या बोलीत उतरवा. वाचनाची भाषा घरात बोलता तीच हवी. उदाहरण देते. वडील तुरुंगात येऊन तिच्या हातांचे मुके घेतात, पायाशी लोळण घेतात, रडतात, आणि तिला मुलगी न म्हणता लॅटिनमध्ये ‘दोमिना’ म्हणतात. इंग्रजीत ‘लेडी’ होतं. मी आधी ‘बाई’ लिहिलं. वाचताना ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण बाई आपण सगळ्यांनाच म्हणतो. मग ‘बाईसाहेब’ केलं. पिकल्या केसांचा बाप पोटच्या पोरीला बाईसाहेब म्हणतो, हे ऐकलं आणि ओटीवर एकदम शांतता झाली. असा एक शब्द सापडायला दोन दिवस लागले तरी लावा.

वाचणाऱ्या चौघी ठरवा. पर्पेतुआचं वाचन बाळाला अंगावर पाजणारी किंवा नुकतीच पाजून झालेली आई मिळाली तर तिच्याकडेच द्या. आवाज कसाही असला तरी चालेल. वडिलांची वाक्यं एखाद्या आजोबांनी म्हणावीत, आमच्याकडे माझे दीर म्हणतात. बाकी निवेदन दोघींनी वाटून घ्यावं. नावांच्या उच्चारावर अडू नका. ‘हिलारियानुस’ म्हणताना जीभ वळली नाही तर सरळ ‘सुभेदार’ म्हणा, तो प्रांताचा अधिकारीच होता.

ओटीवर मध्ये फक्त एक वस्तू ठेवायची. पाण्याचा तांब्या. मेणबत्ती, फुलं लावली तरी हरकत नाही, पण तांब्या हवाच. तिसऱ्या भागात वडील तिला धर्म सोडायला सांगतात, तेव्हा ती जवळ पडलेलं पाण्याचं भांडं दाखवते. ‘बाबा, हे भांडं दिसतंय ना? हे जे आहे त्यापेक्षा याला दुसरं काही नाव देता येईल?’ ते म्हणतात, ‘नाही.’ ‘मग मीही जी आहे त्याहून दुसरं काही स्वतःला म्हणू शकत नाही. मी ख्रिस्ती आहे.’ वाचणारीनं इथं तांब्याकडे बोट करायचं आणि क्षणभर थांबायचं. त्या उत्तरानं वडील इतके चिडतात की तिचे डोळे उपटायला धावल्यासारखे अंगावर येतात. हे वाक्य गाळू नका. बाप वाईट होता म्हणून नव्हे, तो भेदरलेला होता. पुढे सुभेदारासमोर तो बाळ कडेवर घेऊन येतो आणि ‘पोराची तरी दया कर’ म्हणतो. तिचा नकार ऐकल्यावर सुभेदार त्या म्हाताऱ्याला काठीनं मारायला लावतो, आणि पर्पेतुआ लिहिते की तो मार जणू आपल्यालाच बसला. आमच्यातल्या कितीतरी बायकांनी लग्नावरून, नोकरीवरून, कशा ना कशावरून बापाच्या विरुद्ध जाऊन त्याच्यासाठीच रडलेलं आहे. त्यांना हे लगेच कळतं.

आता दूध. इथं मी सगळ्यात जास्त वेळ देते, आणि तुम्हीही द्या. इतर संतांच्या गोष्टींत हे मला कुठं सापडलं नाही. तुरुंगात टाकल्यावर ती आधी अंधाराबद्दल लिहिते, इतका अंधार कधी पाहिला नव्हता म्हणून. गर्दीचा उकाडा, शिपायांची लुबाडणूक, आणि सगळ्यांवर बाळाची काळजी. तेर्तियुस आणि पोंपोनियुस हे चर्चचे दोन सेवक (डिकन) शिपायांना पैसे चारून कैद्यांना काही तास बऱ्या जागी आणवतात. ती म्हणते, भुकेनं मलूल झालेल्या बाळाला मी पाजलं. मग बाळ जवळ ठेवायची परवानगी मिळते, आणि तोच तुरुंग तिला राजवाडा होतो, दुसरीकडे कुठं असावंसंच वाटत नाही. निकालानंतर ती बाळाला मागवते, वडील देत नाहीत. आणि पुढची ओळ: बाळानं मग दूध मागितलंच नाही, आणि माझ्या छातीलाही गाठी-ठणका झाला नाही.

ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा वही मिटून बसले. अंगावरचं बाळ एकाएकी तोडलं की काय होतं ते मी वॉर्डात वर्षानुवर्षं पाहिलंय. दुसऱ्या दिवशी छाती दगडासारखी होते, ताप चढतो, ब्लाऊज भिजतो, कुठं दुसऱ्याचं मूल रडलं तरी पान्हा फुटतो. उद्या मरायचंय हे माहीत असलेली बाई, माझी छाती दुखली नाही ही देवाची कृपा, असं लिहून ठेवते. असं आईशिवाय कुणी लिहिणार नाही. हा भाग वाचून झाला की मी मुद्दाम काही बोलत नाही. बायका आपसूक बोलायला लागतात, कुणाचं दूध कसं आटलं, कुणी कामावर परत जाताना काय सोसलं. दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्यावीत. तीही प्रार्थनाच आहे.

फेलिसिटीचा भाग १५ वा. गरोदर बाईला मारायला कायद्यानं मनाई होती, म्हणून तिला भीती होती की बाकीचे जातील आणि आपण मागे राहू, मग परक्या गुन्हेगारांबरोबर मरावं लागेल. सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली आणि लगेच तिला कळा सुरू झाल्या. आठव्या महिन्यातलं बाळंतपण, फार त्रास झाला. पहारेकऱ्यांपैकी एकजण म्हणाला, आत्ताच एवढी ओरडतेस, प्राण्यांपुढे टाकतील तेव्हा काय करशील? ती म्हणाली, ‘आत्ता जे सोसतेय ते मी सोसतेय. तेव्हा माझ्यात दुसरा असेल, तो माझ्यासाठी सोसेल, कारण मीही त्याच्यासाठी सोसत असेन.’ मुलगी झाली. एका ख्रिस्ती बहिणीनं तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं.

इथं ओटीवरची कुणीतरी हमखास म्हणते, ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही.’ त्या वेळी थांबून नीट सांगा की तसं नाही. पोटात जितके आठवडे जास्त, तितकं बाळ भक्कम. आठव्यातलं सातव्यातल्यापेक्षा बरंच असतं. समोर गरोदर सून बसलेली असते, ती ऐकत असते.

मी काम करत होते तिथं एका रात्री पोलिसांनी एका कैदी बाईला कळा देत असतानाच आणलं. एक हात बेडीनं पलंगाच्या दांड्याला बांधलेला, त्यामुळे तिला कुशीवर वळता येईना. मी बेडी काढायला सांगितली, ऑर्डर नाही म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. शेवटी बाळाचं डोकं दिसायला लागल्यावर काढली. तिच्या मनगटावर लाल वळ होता आणि त्याच हातानं तिनं बाळ घेतलं. तेव्हा मला फेलिसिटी माहीत नव्हती. आता हा भाग वाचताना मला तेच मनगट दिसतं. म्हणून आमच्याकडे त्या संध्याकाळी एक टोपली फिरते: झबली, दुपटी, लंगोट, साबण. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानुसार आपल्याकडे कैदी आईला सहा वर्षांपर्यंतचं मूल जवळ ठेवता येतं, तेव्हा तुरुंगात लहान मुलं असतातच. तुरुंगात सेवेला जाणारे फादर-सिस्टर असतात, त्यांना आधी विचारून काय चालतं तेवढंच द्या. वापरलेले कपडे असतील तर धुऊन, उन्हात वाळवून, घड्या घालून.

शेवटचा भाग जपून वाचावा. पहिल्या वर्षी मी सगळं रक्तासकट वाचलं आणि समोर बसलेली सहा वर्षांची पोर रात्रभर झोपली नाही. तिच्या आईची मी माफी मागितली. आता मुलं असली की मी २० व्या भागातल्या एका ठिकाणी थांबते. सिंहाची चित्रं दाखवू नका, या दोघींपुढे सिंह नव्हता. पिसाळलेली गाय सोडली होती. आधी त्यांना उघड्या अंगावर जाळं घालून आणलं, तेव्हा एक नाजूक पोर आणि दुसरी छातीतून दूध गळणारी ओली बाळंतीण पाहून जमलेली गर्दीसुद्धा शहारली, आणि त्यांना परत नेऊन सैल झगे घातले. गायीनं पर्पेतुआला उडवलं, ती कमरेवर पडली. फाटलेला झगा तिनं मांडीवर ओढून घेतला, मग केसांचा आकडा शोधून केस सावरले. मोकळे केस म्हणजे सुतक, आणि आज सुतक नव्हतं. मग तिला फेलिसिटी खाली पडलेली दिसली. ती उठली, जवळ गेली, हात दिला आणि तिला उभं केलं. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. घरंदाज बाईनं गुलाम बाईला हात दिला, एवढंच. मी इथं वही मिटते. मोठ्या बायकांना पुढचं हवं असेल तर मुलं घरी गेल्यावर वाचता येतं: नवशिका तलवारवाला, त्याचा चुकलेला वार, आणि त्याचा थरथरता हात तिनं स्वतः आपल्या गळ्यावर नेला ते.

वाचनानंतर खरवस. चौथ्या भागात तिला स्वप्न पडतं: आभाळापर्यंत पितळी शिडी, दोन्ही बाजूंना तलवारी, भाले, आकडे, पायथ्याशी अजगर. ती अजगराच्या डोक्यावर पहिली पायरी म्हणून पाय ठेवते आणि वर चढते. वर मोठी बाग, तिच्यात मेंढपाळाच्या वेषातला पांढऱ्या केसांचा पुरुष मेंढ्यांचं दूध काढत बसलेला. तो तिला त्या दुधाचा घट्ट झालेला घास देतो. ती हात जोडून ओंजळीत घेते, खाते, भोवतालचे सगळे ‘आमेन’ म्हणतात. जाग येते तेव्हा तोंडात काहीतरी गोड असतं. इंग्रजीत ‘चीज’ लिहिलंय, पण ते ऐकून पोरांना पाकिटातले चौकोन आठवतात. माझ्या वहीत मी ‘खरवस’ लिहिलं. त्या काळी आफ्रिकेतल्या ख्रिस्ती लोकांत नुकता बाप्तिस्मा घेतलेल्यांना दूध-मध चाखायला देत, कार्थेजचाच त्या काळचा ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन हे सांगतो. म्हणजे दुधाचा गोड घास त्यांना ओळखीचाच होता.

चिकासाठी गवळ्याला आधीपासून सांगून ठेवा, आणि वासराचं पोट भरल्यावर उरेल तोच घ्या. पहिल्या दिवसाचा एक वाटी चीक असेल तर दोन वाट्या दूध, दुसऱ्या दिवसाचा असेल तर एक वाटी, तिसऱ्या दिवसाचा असेल तर दूध घालूच नका. किसलेला गूळ कोमट दुधात विरघळवून गाळून घाला, वेलची, किंचित जायफळ. डब्यात ओतून, शिट्टी न लावता २० ते २५ मिनिटं वाफवा. सुरी कोरडी बाहेर आली की झालं. चीक मिळालाच नाही तर घट्ट चक्क्यात थोडा गूळ कालवा. वाटीत वाढू नका. प्रत्येकीच्या ओंजळीत छोटा तुकडा ठेवा, आणि सगळ्यांनी ‘आमेन’ म्हणा. हे कम्युनियन, म्हणजे मिस्सातला पवित्र भाकरीचा घास, नाही, मुलांना तसं स्पष्ट सांगा.

शेवटी वहीच्या मागच्या पानावरची नावं वाचायची. वर्षभरात वाडीत आणि ओळखीत ज्या बाळंत झाल्या, ज्यांना दिवस गेलेत, ज्यांचं बाळ राहिलं नाही, त्या सगळ्यांची. फक्त पहिलं नाव, आणि त्यांना आधी विचारून. संत ऑगस्टिन आपल्या प्रवचनात या दोघींच्या नावांची जोड लावून सांगे: पर्पेतुआ म्हणजे कायमचं, फेलिसितास म्हणजे सुख. आम्ही प्रत्येक नावानंतर ‘पर्पेतुआ, फेलिसिटी, हिच्यासाठी विनंती करा’ म्हणतो.

जी बाळंतीण सव्वा महिन्यात आहे ती ओटीवर येऊ शकत नाही. तिच्या वाट्याचा खरवस झाकून त्याच रात्री पोचवायचा, आणि नेणारीनं दारातून परत फिरायचं नाही. आत जाऊन पाचवा-सहावा भाग तिला हळू आवाजात वाचून दाखवायचा, बाळ पीत असेल तर पिऊ द्यायचं.